सूर्य-पृथ्वी-चंद्राची फिरती प्रतिकृती: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या विज्ञान छंदवर्गासाठी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानातून सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांची हाताने फिरवायची प्रतिकृती विकत घेतली. किंमत २,६५० रुपये पडली. ऋतू, ग्रहणे आणि चंद्रकला शिकवण्यासाठी शाळा ही वस्तू घेतात, आणि तेवढ्यापुरती ती ठीक आहे. मला मात्र तिच्याकडून थोडे जास्त हवे होते. पृथ्वीच्या कक्षेत आणि अक्षात हजारो वर्षांत होणाऱ्या संथ बदलांमुळे हिमयुगे येतात-जातात, समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली-वर होते आणि आपला मोसमी पाऊसही वाढतो-घटतो, हे सातवी ते नववीच्या मुलांना फळ्यावरच्या आकृतीने पटत नाही. हाताने फिरवता येणारे काहीतरी समोर असावे, अशी इच्छा होती. ती पुरी झाली, पण उत्पादकाने ठरवलेल्या मार्गाने नव्हे.

आधी वस्तूचे वर्णन. प्लॅस्टिकच्या तळावर मधोमध एक खांब आहे आणि त्यावर तीन वॅटचा दिवा बसवलेला आहे. खांबापासून तीस सेंटिमीटर लांबीचा हात निघतो व त्याच्या टोकाला दहा सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आहे. हँडल फिरवले की हात दिव्याभोवती फिरतो. पृथ्वीचा अक्ष सतत एकाच दिशेला राहावा म्हणून खांबावरची एक स्थिर कप्पी आणि गोलाखालची तेवढ्याच व्यासाची दुसरी कप्पी रबरी गोफाने जोडलेली आहे. रोजचे परिवलन बोटाने करावे लागते आणि चंद्रही हातानेच सरकवावा लागतो. तळावर महिन्यांची छापील चकती आहे. गोलावरची छपाई स्वच्छ आहे, अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर ठळक निळे आहेत, आणि कर्कवृत्त महाराष्ट्रावरून न नेता जिथून जायला हवे तिथूनच नेले आहे. स्वस्त गोलांच्या बाबतीत ही गोष्ट गृहीत धरता येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

पहिली तक्रार पंधरवड्यातच उद्भवली. रबरी गोफ सैल पडून कप्पीवर घसरू लागला. हँडलच्या चाळीसेक फेऱ्या झाल्यावर पाहिले तर उत्तर ध्रुव, जो जूनच्या खुणेपाशी दिव्याकडे झुकलेला असायला हवा, तो तिथे आडवा पडला होता आणि उत्तर गोलार्धाचा उन्हाळा चकतीवर भलत्याच महिन्यात येत होता. दुकानदाराला फोन केला, तर बदली गोफ मिळत नाही आणि वापरलेला माल परत घेतला जात नाही, अशी दोन वाक्यांची वासलात लागली. रागाच्या भरात मी ती वस्तू कपाटात टाकणार होतो. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, खऱ्या पृथ्वीचा अक्षपण असा घसरतो का?”

घसरतो. त्यालाच आपण संपातचलन म्हणतो. विषुववृत्तापाशी किंचित फुगलेल्या पृथ्वीला चंद्र आणि सूर्य ओढत असल्यामुळे तिचा अक्ष, वेग मंदावलेल्या भोवऱ्यासारखा, सुमारे २६,००० वर्षांत अवकाशात एक वर्तुळ पुरे करतो. म्हणजे जो दोष म्हणून मी दुकानदाराशी भांडत होतो, तोच या वस्तूचा सर्वांत शिकवण्याजोगा गुण निघाला. फक्त एक अडचण होती. गोफ घसरला की अक्ष हाताबरोबर ओढला जातो, म्हणजे परिभ्रमणाच्याच दिशेने वळतो. खरा अक्ष त्याच्या उलट दिशेला सरकतो. घसरणारा गोफ चुकीचे शिकवत होता.

उपाय किरकोळ निघाला. रबरी गोफ काढून मेण लावलेली सुती दोरी घट्ट बसवली, त्यामुळे घसरणे थांबले. मग मधल्या, चाळीस मिलिमीटर व्यासाच्या कप्पीवर वायरिंगच्या काळ्या चिकटपट्टीचा एकच वेढा दिला. ती पट्टी मिलिमीटरच्या सुमारे तेरा शतांश जाड असते, पण तेवढ्याने मधली कप्पी जराशी मोठी होते, दर फेरीला गोलाखालची कप्पी गरजेपेक्षा किंचित जास्त वळते, आणि अक्ष दर फेरीमागे सव्वादोन-अडीच अंशांनी मागे सरकतो. दिशा बरोबर आली. हिशेबाने दीडशेच्या आसपास फेऱ्यांत अक्ष मूळ जागी यायला हवा होता. मुलांनी खडूने खूण करून मोजल्या, त्या १५८ भरल्या. छंदवर्गात त्या दिवसाइतकी शांतता मी पुन्हा पाहिलेली नाही.

संपातचलनाचा पुरावा आपल्या घरातच असतो, हे सांगायला ही प्रतिकृती फार उपयोगी पडते. सूर्याचे उत्तरायण प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरला सुरू होते, आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. संक्रांत नक्षत्रांच्या संदर्भाने मोजली जाते आणि ऋतू अक्षाच्या कलाने ठरतात. दोन्हींमधले अंतर दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एका दिवसाने वाढत आले आहे आणि आता अयनांश, म्हणजे अंशांत मोजलेले हेच अंतर, चोवीस अंशांच्या घरात पोचले आहेत. कोकणात टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत अयनांश वेगळे धरत असल्यामुळे संक्रांत चारेक दिवस आधी येते, हेही वर्गातल्या दोन मुलांना ठाऊक होते. कारण ठाऊक नव्हते. चकतीवर डिसेंबरची खूण धरून वीस फेऱ्या फिरवल्या की कारण दिसते.

आता दुसरी तक्रार, आणि ती अधिक गंभीर आहे. सोबतच्या चार पानी पुस्तिकेत पृथ्वीची कक्षा शहाळ्यासारखी लांबट काढली आहे आणि “पृथ्वी सूर्यापासून लांबच्या टोकाला गेली की हिमयुग येते” असे बेधडक छापले आहे. हे चूक आहे, आणि अशी चूक की जी एकदा मनात बसली की निघत नाही. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. सर्वांत लांब जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. कक्षेची विकेंद्रता, म्हणजे ती वर्तुळापासून किती ढळली आहे याचे माप, आज ०.०१६७ आहे. या प्रतिकृतीच्या मापात सांगायचे तर तीस सेंटिमीटरच्या हातासाठी लंबवर्तुळाच्या मोठ्या आणि लहान त्रिज्येतला फरक मिलिमीटरच्या चार शतांशांइतका, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी येतो. उत्पादकाने हात वर्तुळात फिरवला, त्यात काहीच वावगे नाही. त्याने दिवा वर्तुळाच्या बरोबर मध्यावर ठेवला, ही चूक. तो पाच मिलिमीटर बाजूला हवा होता.

म्हणून दुसरी दुरुस्ती. दिव्याखाली एक लाकडी पट्टी बसवली आणि तिला तीन भोके पाडली: एक मध्यावर, एक पाच मिलिमीटरवर आणि एक अठरा मिलिमीटरवर. पाच म्हणजे आजची पृथ्वी, अठरा म्हणजे विकेंद्रता ०.०६ च्या आसपास जाते तेव्हाची, आणि मध्य म्हणजे कक्षा जवळपास वर्तुळाकार होते तेव्हाची. खोलीत अंधार करून, मोबाइलमधले प्रकाश मोजण्याचे ॲप लावून गोलाच्या जागी फोन धरला. पाच मिलिमीटरच्या भोकावर जानेवारीच्या बाजूला २६२ आणि जुलैच्या बाजूला २४५ लक्स आले. फरक सात टक्क्यांचा, आणि प्रत्यक्ष पृथ्वीवरही जवळच्या व लांबच्या बिंदूंमधील सूर्यप्रकाशाचा फरक जवळपास तेवढाच आहे. अठराच्या भोकावर तोच फरक पाव हिश्श्याच्या पुढे जातो. मोबाइल काही प्रयोगशाळेचे उपकरण नव्हे. तरीही आकडे इतके जुळलेले पाहून मला स्वतःला बरे वाटले.

विकेंद्रता कमी-जास्त होण्याच्या या आवर्तनाला साधारण एक लाख वर्षे लागतात, शिवाय त्यावर ४,०५,००० वर्षांचे एक अधिक नियमित आवर्तन आहे. ते शुक्र आणि गुरू यांच्या कक्षांच्या परस्परसंबंधातून येते. प्रतिकृतीत शुक्रही नाही आणि गुरूही नाही, त्यामुळे पट्टी सरकवणारा हात आपला असतो आणि खऱ्या सृष्टीत तो त्यांचा असतो, एवढे तोंडी सांगावे लागते. आकाराला सर्वांत मोठा ग्रह आणि अंतराने सर्वांत जवळचा ग्रह मिळून आपली वाट ओढतात, हे मुलांना आवडते. अशा गणिताला मर्यादाही आहे: ग्रहांच्या हालचालींत मुळातच असलेल्या अनिश्चिततेमुळे सुमारे पाच-सहा कोटी वर्षांपलीकडची कक्षा नेमकी मांडता येत नाही. पण चार लाख पाच हजारांचे आवर्तन त्याही मागे टिकून राहिले, याचा पुरावा अमेरिकेत ॲरिझोनाच्या वीस कोटी वर्षांहून जुन्या खडकांत मिळाला आहे.

तिसरी गोष्ट अक्षाच्या कलाची. प्रतिकृतीत तो साडेतेवीस अंशांवर पक्का चिकटवलेला आहे. खरा कल ४१,००० वर्षांत २२.१ ते २४.५ अंशांदरम्यान हलतो, आज २३.४४ अंश आहे आणि कमी होत आहे. कल कमी म्हणजे ध्रुवांकडचे उन्हाळे सौम्य. चिकटवलेला सांधा सोडवून त्याखाली पातळ वायसर घालून मी दोन्ही टोके गाठली, परंतु या खटाटोपात प्लॅस्टिकला चीर गेली. दीड अंशाचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे हा उद्योग कोणी करू नये असेच सुचवीन.

तिन्ही आवर्तने एकत्र करून उत्तरेकडच्या उन्हाळ्याचा हिशेब मांडण्याचे काम सर्बियाच्या मिलुतिन मिलांकोविच यांनी केले. ते मूळचे काँक्रीटची बांधकामे करणारे अभियंता, १९०९ पासून बेलग्रेड विद्यापीठात प्राध्यापक. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अटकेत पडले, पुढे बुडापेस्टमध्ये नजरकैदेत राहून तिथल्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात गणिते करत बसले. त्यांच्याआधी स्कॉटलंडच्या जेम्स क्रोल यांनी, जे ग्लासगोतल्या एका संग्रहालयात राखणदार होते, १८६४ पासून कक्षा आणि हिमयुगे यांचा संबंध मांडला होता आणि सागरी प्रवाहांनाही त्यात धरले होते. पण त्यांनी भर दिला तो थंडीच्या कडाक्यावर. बर्फ साठतो तो हिवाळा कडक झाल्याने नव्हे, तर उन्हाळा इतका सौम्य झाल्याने की मागच्या हिवाळ्याचे हिम वितळत नाही, हे हवामानतज्ज्ञ क्योपेन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून पक्के झाले. म्हणून मिलांकोविच यांनी ६५ अंश उत्तर अक्षांशावरचा उन्हाळा निवडला. आमच्या गोलावर मी ते अक्षवृत्त लाल शाईने रेखले आहे. जाता जाता: लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांच्या उत्तर ध्रुवाकडील वसतिस्थानाविषयी लिहिताना याच क्रोल यांच्या मताची दखल घेतली होती आणि हिमयुग ८०,००० वर्षांपूर्वी संपल्याची त्यांची कालगणना अमान्य केली होती. हिमयुग दहा-बारा हजार वर्षांपूर्वी संपले, हे आजचे मत पाहता कालगणनेपुरते टिळक क्रोल यांच्यापेक्षा बरोबर ठरले. मूळ सिद्धान्ताचे काय झाले, हा प्रश्न वेगळा.

पुरावा मात्र समुद्रतळातून यावा लागला. १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकलटन यांनी दक्षिण हिंदी महासागराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या दोन नळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या गाळात सूक्ष्म सागरी जीवांची कवचे थरांवर थर साचलेली असतात. बर्फाचे थर वाढले की हलका ऑक्सिजन जमिनीवरच्या बर्फात अडकून पडतो, समुद्राच्या पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते आणि तेच प्रमाण कवचांत नोंदले जाते. साडेचार लाख वर्षांच्या त्या नोंदीत सुमारे एक लाख, बेचाळीस हजार, तेवीस हजार आणि एकोणीस हजार वर्षांची आवर्तने सापडली. अक्षाच्या २६,००० ऐवजी १९,००० आणि २३,००० का, हा प्रश्न हुशार मुले विचारतातच. उत्तर असे की अक्ष मागे सरकत असतानाच कक्षाही स्वतः पुढे वळत असते, त्यामुळे उन्हाळा आणि सूर्याजवळचा बिंदू यांची गाठ लवकर पडते. प्रतिकृतीत कक्षा वळत नाही. दिव्याखालची पट्टी हाताने वळवावी लागते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायला दोन माणसे लागतात.

माझ्या मते या प्रतिकृतीचा सर्वांत चांगला उपयोग मोसमी पाऊस समजावण्यासाठी होतो. दिवा पाच मिलिमीटरवर ठेवून सुरुवात करावी. सुरुवातीला उत्तरेचा उन्हाळा सूर्यापासून लांबच्या बाजूला पडतो, जसा आज पडतो. साधारण ऐंशीव्या फेरीला अक्ष उलटा झुकलेला असतो आणि उत्तरेचा उन्हाळा जवळच्या बाजूला येतो. पृथ्वीवर ही स्थिती सुमारे ११,००० वर्षांपूर्वी होती. तेव्हा आशिया आणि आफ्रिकेची जमीन उन्हाळ्यात आजच्यापेक्षा जास्त तापत होती, समुद्रावरून येणारे वारे अधिक जोरात होते, सहारात तळी आणि गवत होते. अरबी समुद्रात ओमानच्या किनाऱ्यालगत नैर्ऋत्य वारे वरचे पाणी ढकलून देतात आणि तळाचे थंड, पोषक पाणी वर येते. अशा पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची कवचे त्या काळच्या गाळात जास्त सापडतात, म्हणजे वारे जोरात होते याची साक्ष समुद्रच देतो. अरबी समुद्राच्या गाळाचा अभ्यास गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही होत आला आहे. भूमध्य समुद्रात हीच आवर्तने काळ्या पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. पाऊस वाढला की नाईल नदीचे गोडे पाणी समुद्रावर पसरत असे, खालच्या पाण्याला प्राणवायू कमी पडत असे आणि न कुजलेला सेंद्रिय गाळ तळाशी काळा थर करून बसत असे. सिसिलीच्या किनाऱ्यावर असे जुने तळ उचलले जाऊन कडे झाले आहेत आणि त्यांतले फिके-गडद पट्टे अक्षरशः मोजता येतात.

समुद्राची पातळी मात्र ही प्रतिकृती दाखवू शकत नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होता. दहा सेंटिमीटरच्या गोलावर हे अंतर मिलिमीटरचा हजारावा भाग भरते. तिथे मी गोल बाजूला ठेवतो आणि मुंबई हायचे उदाहरण घेतो. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला जिथे तेलविहिरींचे फलाट उभे आहेत, तिथे पाण्याची खोली पंचाहत्तर मीटरच्या आसपास आहे. म्हणजे हिमयुगाच्या ऐन भरात तिथे कोरडी जमीन होती आणि मुंबईचा किनारा तिच्याही पलीकडे. ज्या मुलांचे नातेवाईक फलाटावर नोकरीला आहेत, त्यांना हे घरी सांगण्याची घाई होते.

आणखी एक मर्यादा नोंदवली पाहिजे. प्रकाशाच्या हिशेबाने विकेंद्रतेचा परिणाम फार तुटपुंजा आहे. ती शून्यावरून ०.०६ पर्यंत गेली तरी वर्षभरात मिळणारी एकूण उष्णता अवघ्या पाव टक्क्याहूनही कमी बदलते. असे असताना गेल्या सातेक लाख वर्षांतली मोठी हिमयुगे लाखालाखाच्या टप्प्याने का आली आणि त्याआधी ती एक्केचाळीस हजारांच्या टप्प्याने का येत होती, याचे उत्तर हँडल फिरवून मिळत नाही. बर्फाच्या थरांचे स्वतःचे वजन आणि आळस, समुद्राने खोल पाण्यात कोंडून ठेवलेला आणि पुन्हा सोडलेला कार्बन डायऑक्साइड, हे त्यात येते. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या बुडबुड्यांत हा वायू हिमयुगात दशलक्षात सुमारे १८० भाग आणि मधल्या उबदार काळात सुमारे २८० भाग सापडतो. म्हणजे कक्षा ताल धरते आणि गाणे समुद्र, बर्फ व हवा मिळून म्हणतात. आज तोच वायू ४२० भागांच्या पुढे गेला आहे, आणि तोही दोनशे वर्षांच्या आत. सध्याची तापमानवाढ याच आवर्तनांची आहे का, असे पालकही विचारतात. अक्षाचा कल शतकाला अंशाच्या सत्तराव्या-ऐंशीव्या भागाने बदलतो. मी उत्तर देण्याऐवजी त्यांना हँडलची एक फेरी फिरवायला लावतो आणि कल किती बदलला ते विचारतो.

खरेदीविषयी माझे मत असे. नुसते ऋतू शिकवायचे असतील तर एक चेंडू, एक विणकामाची सुई आणि टेबललॅम्प पुरतो. २,६५० रुपये घालवू नयेत. पृथ्वीची दीर्घकालीन आवर्तने शिकवायची असतील आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरायची तयारी असेल, तर वस्तू जरूर घ्यावी, फक्त घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: मधली कप्पी खांबाला पक्की आहे ना, दिवा काढता येतो ना, आणि अक्षाचा सांधा चिकटवलेला नसून स्क्रूचा आहे ना. आमचा चिकटवलेला होता. पुस्तिका घरी आणताच रद्दीत द्यावी. गोफ दुकानातून मागवण्याच्या फंदात पडू नये. सुतळीवाल्याकडे जाड सुती दोरी वीस रुपयांना तीन मीटर मिळते, तिला मेण चोळले की चार गोफ होतात, आणि आमचा पहिला अजून चालू आहे.